योजनेचं नाव नंतर, आधी काउंटीचं (तिकडच्या जिल्ह्याचं) ऑफिस: अमेरिकेत रँच असेल तर सरकारी मदत कुठे आणि कशी शोधायची

गुगलवर "रँचसाठी गव्हर्न्मेंट ग्रँट" असं टाकलं की वरती काय येतं, तर "फुकट सरकारी पैसा मिळवा, आमची गाइड विकत घ्या" असल्या साइट्स. त्या बंद करा. गुराढोरांसाठीच्या आणि जमीन सांभाळायच्या ज्या अनुदान योजनांबद्दल खाली लिहिलंय त्यांना अर्ज करायला फी नसते, एजंट लागत नाही, आणि खरं सांगायचं तर 'ग्रँट' हा शब्दच इथे फसवा आहे. ग्रँट्स डॉट गव्ह नावाची जी मोठी सरकारी साइट आहे ती मुख्यतः युनिव्हर्सिट्या, संस्था, गावांच्या नगरपालिका वगैरेंसाठी. एकट्या रँचवाल्याला मिळतं ते वेगळं: नुकसानभरपाई, खर्चातला वाटा, जमिनीचं भाडं, सबसिडीवाला विमा, स्वस्त कर्ज. आणि हे सगळं एकाच दारातून सुरू होतं.

हे लिहायचं कारण म्हणजे टेक्सासमध्ये ऑस्टिन-डॅलसच्या बाहेर थोडीफार जमीन घेऊन त्यात शेळ्या नाहीतर चार गायी पाळणारी आपली मंडळी आता अधूनमधून भेटतात, आणि सगळ्यांचा प्रश्न तोच, "अरे यासाठी सरकारची काही स्कीम असते का?" असते. ढीगभर असतात. पण नावं पाठ करून उपयोग नाही, कारण तुमचा त्रास काय आहे त्यावरून योजना ठरते.

ते दार म्हणजे यूएसडीए सर्व्हिस सेंटर. यूएसडीए म्हणजे तिकडचं केंद्रीय कृषी खातं, १८६२ मध्ये लिंकनच्या काळात सुरू झालेलं. बहुतेक ग्रामीण काउंट्यांमध्ये किंवा शेजारच्या काउंटीत त्याचं एक बैठं ऑफिस असतं, बाहेर पिकअप ट्रक उभे, आणि आत दोन वेगळी खाती शेजारी शेजारी बसलेली. एक एफएसए, फार्म सर्व्हिस एजन्सी. हे पैशाचं खातं: दुष्काळाची मदत, मेलेल्या जनावरांची भरपाई, कर्ज. दुसरं एनआरसीएस, म्हणजे माती-पाणी-कुरणवालं खातं. कुंपण, पाण्याचे हौद, झुडपं काढणं, चराई कशी फिरवायची हे सगळं यांच्याकडे. १९३० च्या दशकात मधल्या मैदानी भागात धुळीची वादळं उठली, नांगरलेली माती अक्षरशः उडून गेली, तेव्हा ह्यू हॅमंड बेनेट या माणसाच्या पाठपुराव्यातून १९३५ मध्ये हे खातं जन्माला आलं, नाव नंतर १९९४ मध्ये बदललं. बऱ्याचदा त्याच इमारतीत तिसरं टेबल असतं, स्थानिक कॉन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्टचं. ते केंद्र सरकारचं नसतं, राज्याच्या कायद्याखाली चालतं, आणि राज्याचा थोडाफार फंड कुठे पडून आहे हे त्यांना सगळ्यात आधी कळतं. त्यांच्याशी गप्पा मारून ठेवा. काउंटीचा एक्स्टेन्शन एजंटही असतो, राज्याच्या कृषी विद्यापीठाचा माणूस, तो पैसे देत नाही पण गवताचं नाव सांगतो आणि कोणाला भेटायचं ते सांगतो.

फोन करून अपॉइंटमेंट घ्या, थेट जाऊ नका. २०२५ मध्ये यूएसडीएतली बरीच माणसं सोडून गेलीयेत, काही ठिकाणी एकच माणूस दोन-तीन काउंट्या बघतो, त्यामुळे थांबावं लागलं तर चिडू नका.

पहिल्या भेटीत कुठलीच योजना मागायची नाही. पहिल्या भेटीत फक्त नोंद करून घ्यायची. जमिनीला फार्म नंबर आणि ट्रॅक्ट नंबर मिळतो (आपल्याकडे सातबाऱ्याशिवाय पान हलत नाही ना, तसं तिकडे या नंबराशिवाय हलत नाही). जमीन विकत घेतली असेल तर खरेदीखत न्यायचं, भाड्याने असेल तर लीज, आणि लीज लेखी असलेली बरी, शेजाऱ्याशी हस्तांदोलन करून घेतलेलं कुरण कागदावर काहीच नसतं. मग एडी-१०२६ नावाचा फॉर्म, त्यात तुम्ही लिहून देता की उताराची धूप होणारी जमीन बेफाम नांगरणार नाही आणि पाणथळ जागा बुजवणार नाही. मग उत्पन्नाचा फॉर्म: तीन वर्षांचं सरासरी उत्पन्न ९ लाख डॉलरच्या वर असेल तर बहुतेक योजनांतून बाहेर. नवरा-बायको दोघं आयटीत असले तरी एवढ्यापर्यंत सहसा कोणी जात नाही. जमीन एलएलसीच्या नावावर असेल तर कंपनीत कोण कोण सभासद, कोणाचा किती हिस्सा हे वेगळं भरायचं. हे कंटाळवाणं आहे, मान्य, पण दुष्काळ आल्यावर किंवा आग लागल्यावर रांगेत उभं राहून हे करणं आणि आज निवांत करणं यात फरक आहे.

आता त्रासाकडे येऊ. रँचवाल्याचा सगळ्यात मोठा त्रास म्हणजे पाऊस न होणं. त्यासाठी एफएसएची एलएफपी, लाइव्हस्टॉक फॉरेज प्रोग्रॅम. हिची गंमत अशी की तुमचं कुरण करपलंय हे तुम्ही सिद्ध करायचं नसतं, ते एक नकाशा ठरवतो. यू.एस. ड्रॉट मॉनिटर नावाचा हा नकाशा नेब्रास्का विद्यापीठातलं दुष्काळ केंद्र, यूएसडीए आणि हवामान खात्याची माणसं मिळून १९९९ पासून दर गुरुवारी काढतात. पिवळ्यापासून गडद लाल-तपकिरीपर्यंत रंग, डी० ते डी४. तुमच्या काउंटीचा कुठलाही भाग चराईच्या हंगामात डी३ मध्ये गेला की तीन महिन्यांच्या हिशोबाने पैसे, डी४ ला त्याहून जास्त, आणि डी२ मध्ये सलग काही आठवडे राहिला तरी मिळतात. डी२ साठी किती आठवडे हा नियम २०२५ च्या कायद्याने सैल केलाय, म्हणून जुन्या माहितीपत्रकावर जाऊ नका, ऑफिसला विचारा. महिन्याचा हिशोब म्हणजे जनावरांच्या चाऱ्याचा खर्च किंवा तुमच्या जमिनीची चारा द्यायची क्षमता, यातलं जे कमी असेल त्याचे ६० टक्के. म्हणजे २० एकरावर ४० गायी कोंबल्या म्हणून ४० गायींचे पैसे मिळत नाहीत, जमीन जेवढ्या पोसू शकते तेवढ्यांचेच.

त्यामुळे दर गुरुवारी तो नकाशा बघायची सवय लावा. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, नकाशा चुकतोय असं वाटलं तर तुम्ही स्वतः तुमच्या भागाची परिस्थिती फोटोसकट कळवू शकता, त्या रिपोर्टिंगची ऑनलाइन सोय आहे, आणि नकाशा काढणारे ते खरंच बघतात.

पाणी आटलं आणि टँकरने आणावं लागलं, किंवा चारा लांबून आणायला लागला, तर ती वाहतूक एलॅप नावाच्या योजनेत बसते, तिच्यात मधमाश्या आणि मत्स्यशेतीसुद्धा आहे. डिझेलच्या आणि ट्रकवाल्याच्या पावत्या ठेवा, बस.

जनावरं मेली तर एलआयपी. वादळ, पूर, वीज, उष्णतेची लाट, आग यात नेहमीपेक्षा जास्त जनावरं दगावली तर बाजारभावाच्या ७५ टक्के मिळतात. लांडग्याने मारली तरी भरपाई मिळते, कारण लांडगा सरकारनेच परत आणलेला किंवा कायद्याने जपलेला प्राणी, मात्र कायोटीने (कोल्ह्यासारखा तिकडचा प्राणी) शेळ्या नेल्या तर नाही, त्यासाठी यूएसडीएच्याच वाइल्डलाइफ सर्व्हिसेस नावाच्या वेगळ्या खात्याला फोन करायचा. इथे सगळा खेळ पुराव्याचा आहे. आधी किती होती, किती मेली, कधी, कशाने. तारखेसकट फोटो, पशुवैद्याची चिठ्ठी, टॅग नंबर, विक्रीच्या जुन्या पावत्या, शेजाऱ्याचं लेखी म्हणणं. पुरण्याआधी फोटो. हे लिहिताना वाईट वाटतं पण त्या दिवशी डोकं जागेवर नसतं म्हणूनच आधी सांगतोय.

साउथ डकोटाचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१३ च्या सुरुवातीला राज्याच्या पश्चिम भागात अ‍ॅटलस नावाचं हिमवादळ आलं. गुरं अजून उन्हाळी कुरणावरच होती, अंगावर थंडीचे केस आलेले नव्हते, आधी पावसाने भिजली आणि वरून बर्फ आणि वारा. हजारो गुरं मेली, कुंपणाच्या कडेला, ओढ्यांत. आणि त्या आठवड्यात सरकार शटडाउनमध्ये, म्हणजे खर्चाला मंजुरी नाही म्हणून ऑफिसला कुलूप, आणि वरून एलआयपी योजनाच २०११ मध्ये संपलेली, पुढचा फार्म बिल कायदा (शेतीच्या योजनांचा मोठा केंद्रीय कायदा) काँग्रेसमध्ये, म्हणजे तिकडच्या संसदेत, अडकलेला. म्हणजे मागायला योजनाच नाही. तरीसुद्धा तिकडच्या लोकांना सांगितलं जात होतं की मोजा, फोटो काढा, लिहून ठेवा. फेब्रुवारी २०१४ मध्ये कायदा आला, एलआयपी कायमची झाली आणि ती १ ऑक्टोबर २०११ पासून मागच्या तारखेने लागू केली. ज्यांच्याकडे कागद होते त्यांचं काम झालं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये टेक्सासच्या उत्तर टोकाला, पॅनहँडलमध्ये, स्मोकहाउस क्रीकची आग लागली, १० लाख एकरांच्या वर जळालं, तेव्हा मेलेल्या गुरांसाठी एलआयपी आणि जळालेल्या कुंपणासाठी ईसीपी अशा दोन योजना एकदम लागत होत्या. ईसीपी म्हणजे आपत्तीनंतर जमीन पूर्ववत करायचा खर्च, साधारण ७५ टक्क्यांपर्यंत. एकाच आपत्तीत दोन-तीन दारं उघडतात, पण कोणी घरी येऊन सांगत नाही.

आता एनआरसीएसच्या टेबलाकडे. इथली मुख्य योजना इक्विप, १९९६ च्या कायद्यातली. तिचा निम्मा पैसा जनावरांशी संबंधित कामांसाठी राखीव असतो, त्यामुळे रँचवाल्याला ही सगळ्यात कामाची. आतलं कुंपण घालून कुरणाचे भाग पाडणं, पाइपलाइन टाकणं, हौद बांधणं, बोअर घेणं, झुडपं काढणं. टेक्सासमध्ये मेस्किट नावाचं काटेरी झाड कुरणं गिळत चाललंय, आपल्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत बहीण, ते काढायला सुद्धा पैसे मिळतात.

पण इथे तीन गोष्टी डोक्यात पक्क्या बसवा. पहिली, कॉन्ट्रॅक्टवर सही व्हायच्या आधी कामाला हात लावला की ते काम बाद. खड्डा खणला, पाइप आणून टाकला, संपलं. महाडीबीटीवर पूर्वसंमती येण्याआधी अवजार घेतलं तर अनुदान जातं, तोच नियम, आणि तिकडेही लोक तसेच फसतात. दुसरी, पैसे तुमच्या बिलाच्या टक्केवारीने येत नाहीत. एनआरसीएस दरवर्षी राज्यागणिक दर ठरवतं, कुंपणाला फुटामागे एवढे, टाकीला एवढे, आणि तो दर सरासरी खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत बसवलेला असतो, तुम्ही नवखे म्हणजे शेतीत १० वर्षांच्या आत असाल, माजी सैनिक असाल किंवा उत्पन्न कमी असेल तर ९० पर्यंत. तुमच्या कंत्राटदाराने जास्त घेतले तर वरचे तुमच्या खिशातून. काम झाल्यावर त्यांचा माणूस येऊन मापं घेतो, मग पैसे. नवख्यांना निम्मी रक्कम आधी मागता येते, मागितली तरच. तिसरी, काम त्यांच्या स्पेसिफिकेशनप्रमाणे. प्राँगहॉर्न नावाचं हरिण असलेल्या भागात खालची तार काटेरी चालत नाही, साधी हवी आणि जमिनीपासून साधारण १६ इंच वर, कारण हा प्राणी कुंपणावरून उडी मारत नाही, खालून सरपटत जातो. तुम्ही तुमच्या मनाने पाच काटेरी तारा ठोकल्या तर कुंपण उत्तम, पैसे शून्य.

आणि बोलायची पद्धत. "मला कुंपण पाहिजे" असं म्हणत आत गेलात तर अर्ज कमी गुणांत अडकतो. ते लोक अर्जांना गुण देऊन क्रम लावतात आणि गुण मिळतात ते प्रश्नाला, वस्तूला नाही. त्याऐवजी सांगा की गुरं सगळा वेळ ओढ्याकाठी बसतात, काठ ढासळलाय, वरच्या टेकडीवरचं गवत कोणी खात नाही आणि खालचं मुळापासून गेलंय. मग तेच म्हणतील की वर पाणी न्या, हौद ठेवा, मधे कुंपण घाला, चराई फिरती ठेवा. हवं तेच मिळतं पण त्यांच्या भाषेत. त्यांना शेतावर फिरायला बोलवा, फुकट येतात, आणि योजनेत नाही बसलात तरी हातात जमिनीचा एक आराखडा राहतो, जो मला स्वतःला अनुदानाइतकाच महत्त्वाचा वाटतो. अर्ज वर्षभर घेतात पण गुण लावायची तारीख राज्यागणिक ठरलेली असते, ती गेली की पुढच्या फेरीपर्यंत वाट.

सीएसपी ही इक्विपची बहीण, जे आधीच नीट सांभाळतायत त्यांनी अजून थोडं चांगलं करावं म्हणून ५ वर्षं दरवर्षी पैसे. सीआरपी १९८५ ची, धूप होणारी पिकाऊ जमीन १० ते १५ वर्षं गवताखाली ठेवायची आणि सरकारने वर्षाला भाडं द्यायचं. तिचाच एक प्रकार ग्रासलँड सीआरपी, त्यात गुरं चारता येतात, फक्त जमीन मोडायची नाही. जमीन कायमची गवताखाली ठेवायचा हक्कच विकायचा असेल तर इझमेंट, पण तो तुमच्या नातवंडांवरही बंधनकारक असतो, वकील लावल्याशिवाय त्यात पडू नका.

विमा वेगळा. कुरणाच्या पावसाचा पीआरएफ नावाचा विमा यूएसडीएच्या ऑफिसात मिळत नाही, खासगी क्रॉप इन्शुरन्स एजंट विकतो, निम्म्याहून जास्त हप्ता सरकार भरतं, आणि तो घ्यायची मुदत १ डिसेंबर. दोन-दोन महिन्यांचे तुकडे निवडायचे. लोक इथे वैतागतात ते यामुळे की तुमच्या शेतातला पर्जन्यमापक कोणी बघत नाही, हवामान खात्याच्या नकाशातल्या तुमच्या चौकोनाचा सरासरी पाऊस बघतात. तुमच्याकडे थेंब नाही आणि चौकोनाच्या दुसऱ्या टोकाला धो धो झाला, तर भरपाई नाही. उलटंही होतं.

टेक्सासवाल्यांची जी आवडती गोष्ट, "अ‍ॅग एक्झम्प्शन", ती यूएसडीएची नाहीच, राज्याची आहे, आणि खरं तर माफीही नाही. जमिनीचा कर बाजारभावावर न लावता शेतीतल्या उत्पन्नक्षमतेवर लावतात, म्हणून तो कमी होतो. मागच्या ७ पैकी ५ वर्षं जमीन शेतीत असावी लागते, अर्ज काउंटी अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे (करासाठी जमिनीची किंमत ठरवणारं ऑफिस) ३० एप्रिलपर्यंत. ५ ते २० एकर असेल तर नुसत्या मधमाश्या पाळूनही या सवलतीत बसता येतं. वापर बदलला, प्लॉट पाडले, तर मागच्या ३ वर्षांचा फरक भरावा लागतो. गुरं नको असतील तर आधीपासून अ‍ॅगमध्ये असलेली जमीन वन्यजीव व्यवस्थापनात बदलून घेता येते, कर तेवढाच राहतो.

आता आपल्या मंडळींसाठी खास. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले असाल तर वरचं सगळं सरळ आहे. एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असाल तर एफएसए तुम्हाला 'फॉरेन पर्सन' धरतं, आणि बऱ्याच योजनांचे पैसे हवे असतील तर जमीन, भांडवल आणि स्वतःची प्रत्यक्ष मेहनत तिन्ही दाखवावं लागतं. आठवड्याचे पाच दिवस ऑफिसच्या लॅपटॉपवर बसणाऱ्याला तिसरं जड जातं. पण त्याहून महत्त्वाचं, १९७८ चा अफिडा नावाचा कायदा: नागरिक नाही, ग्रीन कार्ड नाही आणि शेतजमीन घेतली, तर ९० दिवसांच्या आत एफएसएकडे एफएसए-१५३ फॉर्म भरायचा. १० एकरांपर्यंतची छोटी जमीन आणि वर्षाची शेतमाल विक्री १,००० डॉलरच्या आत असेल तर सूट, बाकी सगळ्यांना लागू, १० वर्षं किंवा जास्तीच्या लीजलाही. दंड जमिनीच्या किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. रिअल इस्टेट एजंट हे सांगेलच असं नाही. राहिलं असेल तर नोटीस यायची वाट न बघता स्वतः जाऊन भरा.

अर्ज नाकारला तर पत्र येतं, त्यात कारण आणि अपिलाचा मार्ग लिहिलेला असतो, ३० दिवसांची मुदत असते, ती पाळा. एफएसएचे बरेच स्थानिक निर्णय काउंटी कमिटी घेते, ३ ते ११ जणांची, आणि ती तिथल्याच शेतकऱ्यांनी निवडून दिलेली असते, नोंद केलीत तर तुम्हालाही मत मिळतं. मिळालेल्या पैशांचा १०९९-जी हा कराचा फॉर्म पुढच्या जानेवारीत येतो, ते उत्पन्न टॅक्स रिटर्नच्या शेड्यूल एफमध्ये (शेतीच्या उत्पन्नाचा भाग) दाखवायचं, इक्विपसारख्या खर्चाच्या वाट्यातला काही भाग आयकराच्या कलम १२६ खाली वगळता येतो का ते शेतीची रिटर्न्स भरणाऱ्या सीपीएला (तिकडच्या सीएला) विचारा, शहरातल्या नेहमीच्या सीपीएने हे कलम कधी वापरलेलं नसण्याची शक्यता बरीच.

आणि घरात १० ते २० वयाचं पोर असेल, शाळेत ४-एच किंवा एफएफए या मुलांच्या शेतकी क्लबांमध्ये शेळ्या-वासरं पाळायचं खूळ घेतलं असेल, तर एफएसएचं यूथ लोन असतं, ५,००० डॉलरपर्यंत. अर्ज पोराने करायचा, हिशोबही त्यानेच ठेवायचा, आणि फेडायचंही जनावर विकून आलेल्या पैशातून. त्याच अपॉइंटमेंटला त्याला सोबत घेऊन जा.